कर्करोगाचे उपचार आणि मातेचे दूध : औषधशास्त्र, अर्थशास्त्र व सार्वजनिक धोरण

माता व बालआरोग्य आणि असंसर्गजन्य रोगांचे नियंत्रण हे दोन विषय अभ्यासक्रमात स्वतंत्र प्रकरणे म्हणून शिकवले जातात. शासनाच्या योजना, त्यांचे निधी आणि त्यांची मोजमापेही स्वतंत्र आहेत. प्रत्यक्ष जीवनात मात्र ही दोन प्रकरणे कधी कधी एकाच स्त्रीच्या बाबतीत एकत्र येतात. तान्ह्या बाळाला अंगावर पाजणाऱ्या मातेला कर्करोगाचे निदान झाले, तर उपचार कोणते करावयाचे या प्रश्नाबरोबरच बाळाला दूध पाजावे की नाही, हा दुसरा प्रश्न त्याच दिवशी उभा राहतो. पहिल्या प्रश्नावर मातेचे आयुष्य अवलंबून असते, तर दुसऱ्यावर बाळाचे आरोग्य. प्रस्तुत लेखात या प्रश्नाची शास्त्रीय बाजू आणि त्यामागील आर्थिक व धोरणात्मक बाजू वाराणसीच्या संदर्भात पाहावयाची आहे.

वाराणसीच का?

पूर्व उत्तर प्रदेश, पश्चिम बिहार आणि लगतच्या प्रदेशातील लोकसंख्येसाठी वाराणसी हे वैद्यकीय उपचारांचे प्रमुख केंद्र आहे. काशी हिंदू विश्वविद्यालयाचे वैद्यकीय विज्ञान संस्थान आणि सर सुंदरलाल रुग्णालय यांची सेवा या भागाला दीर्घकाळ मिळत आली आहे. तरीही कर्करोगाच्या विशेष उपचारांसाठी अनेक रुग्णांना सुमारे दीड हजार किलोमीटर प्रवास करून मुंबईच्या परळ भागातील टाटा स्मारक रुग्णालय गाठावे लागत असे. १९४१ मध्ये सुरू झालेले हे रुग्णालय १९६२ पासून अणुऊर्जा विभागाच्या प्रशासकीय नियंत्रणाखाली आहे. याच टाटा स्मारक केंद्राच्या व्यवस्थापनाखाली वाराणसीत दोन रुग्णालये उभी राहिली. लहरतारा येथील रेल्वेच्या कर्करोग रुग्णालयाचे २०१८ मध्ये होमी भाभा कर्करोग रुग्णालयात रूपांतर झाले. विश्वविद्यालयाच्या परिसरात महामना पंडित मदनमोहन मालवीय कर्करोग केंद्र उभारण्यात आले. १९ फेब्रुवारी २०१९ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते या दोन्ही संस्थांचे उद्घाटन झाले.

स्तन्यदा मातेच्या दृष्टीने या बदलाचे महत्त्व केवळ प्रवासखर्चाच्या बचतीपुरते नाही. उपचारांसाठी माता मुंबईस गेली आणि बाळ आजीजवळ राहिले, तर औषधाचा पहिला थेंब रक्तात जाण्यापूर्वीच स्तनपान खंडित होते. उपचार जवळ आले की हे टाळता येण्याजोगे खंडन टळते. उरतो तो खरा वैद्यकीय प्रश्न, म्हणजे औषध दुधात उतरते काय, किती उतरते आणि त्याने बाळाला अपाय होतो काय.

दुधात औषध कसे उतरते?

स्तनातील सूक्ष्म कोष्ठकांत दूध तयार होते. या कोष्ठकांभोवती केशवाहिन्यांचे जाळे असते. बहुतेक औषधे रक्तद्रवातून दुधात विसरणाने, म्हणजे जास्त प्रमाणाकडून कमी प्रमाणाकडे, जातात. रक्तातील प्रमाण उतरू लागले की दुधातील औषध उलट दिशेने रक्तात परतते. त्यामुळे सर्वसाधारण औषधांच्या बाबतीत दूध पिळून टाकून दिल्याने औषध शरीरातून लवकर जात नाही. दूध पिळण्याचा उपयोग स्तनांतील ताठरपणा कमी करणे व दुधाची निर्मिती टिकवणे एवढाच असतो. हा गैरसमज व्यापक असल्याने हा मुद्दा नीट ध्यानात ठेवावा.

औषध किती प्रमाणात उतरेल हे पुढील गोष्टींवर ठरते :

१. रेणुभार : लहान रेणू सहज पार होतात. मोठ्या प्रथिनस्वरूप औषधांचे रेणू अत्यल्प प्रमाणात जातात.

२. प्रथिनांशी बंधन : रक्तातील प्रथिनांना घट्ट चिकटलेले औषध दुधात कमी जाते, कारण मुक्त अंशच पार होऊ शकतो.

३. मेदविद्राव्यता : दुधात स्निग्धांश असल्याने मेदात विरघळणारी औषधे तेथे अधिक साठतात.

४. आम्लता : दूध रक्तद्रवापेक्षा किंचित आम्लधर्मी असते. त्यामुळे सौम्य अल्कधर्मी औषधे दुधात अडकून राहण्याची प्रवृत्ती असते.

५. अर्धायुकाल : शरीरातील औषधाचे प्रमाण निम्मे होण्यास लागणारा काळ. पाच अर्धायुकालांनंतर मूळ प्रमाणाच्या सुमारे ३ टक्केच औषध उरते.

६. प्रसूतीनंतरचा काळ : पहिल्या काही दिवसांत कोष्ठकांच्या पेशींमधील फटी मोकळ्या असतात आणि औषधे अधिक सुलभतेने जातात. अर्थात त्या दिवसांत चिकाचे प्रमाण थोडे असते.

७. बाळाची अवस्था : दुधात औषध असले तरी बाळाच्या आतड्यातून ते शोषले गेले तरच परिणाम होतो. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे यकृत व मूत्रपिंड पूर्ण कार्यक्षम नसल्याने औषध त्याच्या शरीरात जास्त काळ राहते.

मोजमाप : सापेक्ष अर्भकमात्रा

धोका मोजण्यासाठी दोन मापे वापरली जातात. पहिले म्हणजे दूध आणि रक्तद्रव यांतील औषधाच्या प्रमाणांचे गुणोत्तर. हे गुणोत्तर एकटे दिशाभूल करू शकते, कारण रक्तातील प्रमाणच नगण्य असेल तर मोठ्या गुणोत्तरालाही फारसा अर्थ राहत नाही. म्हणून दुसरे माप अधिक उपयुक्त ठरते. बाळाला त्याच्या दर किलोग्रॅम वजनामागे मिळणारी मात्रा ही मातेच्या दर किलोग्रॅम वजनामागील मात्रेच्या किती टक्के आहे, हे या मापाने कळते. यासच सापेक्ष अर्भकमात्रा म्हणता येईल.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. मातेचे वजन ५० किलोग्रॅम आणि औषधाची दैनिक मात्रा १०० मिलिग्रॅम आहे. म्हणजे मातेची मात्रा दर किलोग्रॅमला २ मिलिग्रॅम झाली. दुधात औषधाचे सरासरी प्रमाण लिटरला ०.५ मिलिग्रॅम आढळले. केवळ दुधावर असलेले बाळ दररोज दर किलोग्रॅम वजनामागे सुमारे १५० मिलिलिटर दूध पिते, असे गृहीत धरले जाते. म्हणजे त्याला दर किलोग्रॅमला ०.०७५ मिलिग्रॅम औषध मिळेल. ०.०७५ भागिले २ याचे उत्तर ३.७५ टक्के येते.

सामान्य औषधांच्या बाबतीत ही टक्केवारी १० पेक्षा कमी असल्यास स्तनपान बहुधा सुरक्षित मानले जाते. तथापि कर्करोगाच्या पेशीमारक औषधांना हा निकष लावता येत नाही. ही औषधे वेगाने विभाजित होणाऱ्या पेशींवर आघात करतात, आणि वाढत्या बाळाच्या शरीरात अस्थिमज्जा, आतडे, त्वचा अशा सर्वच ठिकाणी पेशींचे विभाजन वेगाने चालू असते. येथे अल्प मात्राही निरुपद्रवी आहे असे गृहीत धरता येत नाही. विषयाचा हा गाभा आहे.

उपचारांनुसार निर्णय वेगळा

‘कर्करोग आहे, तेव्हा दूध बंद’ हे विधान जितके सरसकट, तितकेच ‘आईचे दूध कधीच बंद करू नये’ हेही सरसकट होय. कर्करोगाचा उपचार ही एकच क्रिया नसून तपासण्या, शस्त्रक्रिया, किरणोपचार, रसायनोपचार, संप्रेरकोपचार अशी ती मालिका असते. प्रत्येक टप्प्याचे उत्तर वेगळे असते.

तपासण्या : क्ष-किरण, स्तनांची मॅमोग्राफी, सोनोग्राफी किंवा सुईने गाठीचा नमुना घेणे यांसाठी स्तनपान थांबवण्याची गरज नसते. सीटी स्कॅनसाठी शिरेतून दिल्या जाणाऱ्या आयोडीनयुक्त द्रव्याचा १ टक्क्याहून कमी अंश दुधात उतरतो आणि त्यातील १ टक्क्याहून कमी अंश बाळाच्या आतड्यातून शोषला जातो. म्हणून त्यानंतरही पाजणे चालू ठेवता येते, अशी रेडिओलॉजी तज्ज्ञांच्या संघटनांची भूमिका आहे. एमआरआयमधील गॅडोलिनियम द्रव्याबाबतही तसेच आहे. पेट स्कॅनमध्ये वापरल्या जाणाऱ्या फ्लोरिन-१८ चा अर्धायुकाल सुमारे ११० मिनिटे असतो. तेथे दुधापेक्षा मातेच्या शरीरातून बाहेर पडणाऱ्या किरणांचा विचार अधिक करावा लागतो आणि काही तास बाळाला जवळ घेणे टाळावे लागते. टेक्नेशियम-९९एम चा अर्धायुकाल सुमारे ६ तासांचा आहे. त्याच्या वापरानंतर, संयुग कोणते आहे त्यानुसार, काही तास ते एक दिवस एवढे अंतर पुरते. अशा प्रसंगी आधी काढून ठेवलेले दूध उपयोगी पडते.

शस्त्रक्रिया : आधुनिक भूल-औषधे शरीरातून लवकर निघून जातात. माता पूर्ण शुद्धीवर येऊन बाळाला धरण्याइतकी सावध झाली की सामान्यतः पाजता येते. वेदनाशामकांत पॅरासिटामॉल व आयबुप्रोफेन सुरक्षित मानली जातात. उलट कोडीन व ट्रॅमाडॉल ही औषधे स्तन्यदा मातांनी टाळावीत, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ मध्ये दिला. काही मातांच्या शरीरात या औषधांचे रूपांतर अतिवेगाने होते आणि बाळाचा श्वास मंदावण्याचा धोका संभवतो.

बाह्य किरणोपचार : यंत्रातून दिलेल्या किरणांमुळे दूध किरणोत्सारी होत नाही. ज्या स्तनावर उपचार झाले त्याची दूधनिर्मिती मात्र बरीच घटते. दुसऱ्या स्तनाचे दूध, अन्य औषधे चालू नसल्यास, देता येते.

किरणोत्सारी आयोडीन : थायरॉइडच्या कर्करोगात आयोडीन-१३१ वापरले जाते. दूध निर्माण करणाऱ्या स्तनपेशी आयोडीन सक्रियपणे खेचून घेतात, कारण एरवी तेच बाळाच्या थायरॉइडसाठी आवश्यक असते. निसर्गाची ही योजना येथे घातक ठरते. किरणोत्सारी आयोडीन दुधात साठते आणि बाळाच्या थायरॉइडमध्ये जाऊन बसते. त्याचा भौतिक अर्धायुकाल सुमारे ८ दिवसांचा असतो. म्हणून त्या बाळाचे स्तनपान कायमचे थांबवावे लागते. स्तनांनाही अनावश्यक किरणमात्रा मिळू नये यासाठी उपचारापूर्वी सर्वसाधारणपणे किमान सहा आठवडे पाजणे बंद करण्यास सांगितले जाते. पुढील अपत्याच्या वेळी पाजण्यास याने बाधा येत नाही.

रसायनोपचार : या टप्प्यावर उत्तर बहुधा ‘नाही’ असेच असते. सायक्लोफॉस्फमाइड घेणाऱ्या मातेच्या दुधावरील बाळाच्या रक्तातील पांढऱ्या पेशी घटल्याची नोंद १९७० च्या दशकातील वैद्यकीय साहित्यात आहे. डॉक्सोरुबिसिनचे दुधातील प्रमाण रक्तद्रवातील प्रमाणापेक्षा अधिक असल्याचे १९८५ च्या एका रुग्णाच्या अभ्यासात आढळले. याउलट मेथोट्रेक्सेट दुधात फारच थोडे उतरते, असे १९७२ च्या एका नोंदीत दिसले. तरीही पेशीमारक म्हणून ते घेताना पाजण्याचा सल्ला दिला जात नाही. तीनही ठिकाणी ज्ञानाचा आधार एक-दोन रुग्णांच्या नोंदींचा आहे, हे येथे लक्षणीय आहे.

संप्रेरक व लक्ष्यवेधी उपचार : टॅमॉक्सिफेन दूधनिर्मिती रोखते, शरीरात दीर्घकाळ टिकते आणि वर्षानुवर्षे घ्यावे लागते. ट्रॅस्टुझुमॅबचा रेणू प्रचंड मोठा असल्याने तो दुधात अत्यल्प जाईल असा शास्त्रीय तर्क आहे. पण माहिती अपुरी असल्याने सावधगिरीची भूमिका घेतली जाते.

अमेरिकेतील मान्यताप्राप्त माहितीपत्रकांत शेवटच्या मात्रेनंतर सुचवलेले अंतर पाहिले तर औषधागणिक किती फरक पडतो ते कळते. सायक्लोफॉस्फमाइडनंतर १ आठवडा, डॉक्सोरुबिसिननंतर १० दिवस आणि टॅमॉक्सिफेननंतर ३ महिने असे अंतर सांगितले आहे. ट्रॅस्टुझुमॅबच्या बाबतीत औषध शरीरातून जाण्याचा ७ महिन्यांचा काळ विचारात घेण्यास सांगितले आहे. रसायनोपचारांची आवर्तने अनेकदा तीन आठवड्यांच्या अंतराने आणि एकाहून अधिक औषधांची असतात. त्यामुळे मधल्या दिवसांत पाजण्याचा हिशेब मातेने किंवा कुटुंबाने स्वतः करणे धोक्याचे आहे. तो निर्णय कर्करोगतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ यांनी मिळून घ्यावयाचा असतो. स्तनपान चालू राहावे म्हणून आवश्यक उपचार पुढे ढकलणे हे तर कोणत्याही परिस्थितीत योग्य नाही, कारण मातेचे जगणे ही बाळाच्या आरोग्याची पहिली अट आहे.

निदानातील विलंब : वयाची पोकळी

गर्भारपणात किंवा प्रसूतीनंतरच्या वर्षात आढळणारा स्तनाचा कर्करोग विरळ असला तरी त्याचे निदान उशिरा होण्याची शक्यता अधिक असते. पाजणाऱ्या स्त्रीच्या स्तनात गाठ लागली की ती ‘दुधाची गाठ’ समजली जाते. बहुतेक वेळा ती तशीच असते, आणि म्हणूनच अपवाद नजरेतून सुटतो. दोन आठवड्यांत न विरघळणाऱ्या गाठीची सोनोग्राफी करून घ्यावी, हा साधा नियम येथे जीव वाचवू शकतो.

राष्ट्रीय असंसर्गजन्य रोग प्रतिबंध व नियंत्रण कार्यक्रमाखाली, २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, स्तनांची तपासणी ३० ते ६५ या वयोगटासाठी दर पाच वर्षांनी योजलेली आहे. रोगाच्या एकूण वयोमानाचा विचार करता ही मर्यादा सयुक्तिक आहे. परंतु भारतात, विशेषतः पूर्वांचलात, बहुसंख्य स्त्रियांची पहिली प्रसूती तिशीच्या बऱ्याच आधी होते. पाजणाऱ्या मातांचा मोठा वर्ग अशा रीतीने तपासणीच्या चौकटीबाहेर राहतो.

सर्व तरुण स्त्रियांची चाचणी करणे हा त्यावरचा उपाय नव्हे. तो खर्चिक तर होईलच, शिवाय अनावश्यक भीतीही पसरवील. मार्ग अस्तित्वात असलेल्या संपर्कातच आहे. घरोघरी नवजात बालक सेवा कार्यक्रमात रुग्णालयात प्रसूती झालेल्या मातेकडे आशा कार्यकर्ती ४२ दिवसांत सहा वेळा जाते. २०१८ पासून तिसऱ्या ते पंधराव्या महिन्यापर्यंत आणखी पाच भेटींची भर पडली आहे. या भेटींत बाळाचे वजन व लसीकरण विचारले जाते. ‘दोन आठवडे न गेलेली गाठ आहे का?’ एवढा एकच प्रश्न त्यात वाढवला, तर अतिरिक्त खर्च जवळजवळ शून्य आहे.

दूध बंद होण्याची किंमत

जागतिक आरोग्य संघटना पहिले सहा महिने केवळ स्तनपान आणि पुढे पूरक आहारासह दोन वर्षे किंवा त्याहून अधिक काळ स्तनपान चालू ठेवण्याची शिफारस करते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ (२०१९-२१) नुसार सहा महिन्यांखालील बालकांत केवळ स्तनपानाचे प्रमाण भारतात ६३.७ टक्के, तर उत्तर प्रदेशात ५९.७ टक्के होते. जन्मानंतर पहिल्या तासात पाजण्याचे प्रमाण देशात ४१.८ टक्के, तर उत्तर प्रदेशात २३.९ टक्केच होते. ‘लॅन्सेट’च्या २०१६ मधील लेखमालेनुसार स्तनपान जवळपास सार्वत्रिक झाल्यास जगात दरवर्षी सुमारे ८ लाख २३ हजार बालमृत्यू आणि स्तनाच्या कर्करोगाने होणारे सुमारे २० हजार मृत्यू टळू शकतात. स्तनपान आणि स्तनाचा कर्करोग यांचा संबंध असा दुहेरी आहे. एकूण बारा महिन्यांच्या स्तनपानामागे या रोगाचा सापेक्ष धोका सुमारे ४.३ टक्के घटतो, असे २००२ च्या आंतरराष्ट्रीय विश्लेषणात आढळले होते.

मातेच्या दुधाला बाजारभाव नसल्याने ते राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात येत नाही. ते थांबले की मात्र त्याची किंमत तत्काळ दिसू लागते. ५ किलोग्रॅम वजनाच्या बाळाला दिवसाला सुमारे ७५० मिलिलिटर दूध लागते. १०० मिलिलिटर दुधास सुमारे १३ ग्रॅम भुकटी धरली, तर दिवसाला साधारण १०० ग्रॅम आणि महिन्याला ३ किलोग्रॅम, म्हणजे ४०० ग्रॅमचे सात ते आठ डबे लागतात. हा खर्च महिन्याला काही हजार रुपयांत जातो. शिवाय पाणी उकळण्याचे इंधन, भांड्यांची स्वच्छता आणि बाळाला भरवणाऱ्या व्यक्तीचा वेळ हे खर्च वेगळेच.

याच्या तुलनेत प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या अपत्यासाठी एकूण ५,००० रुपये मिळतात. २०१८ मध्ये सुरू झालेल्या आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेत पात्र कुटुंबास वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार संरक्षण आहे. परंतु ते रुग्णाच्या रुग्णालयीन उपचारांसाठी आहे, बाळाच्या वरच्या दुधासाठी नाही. २०१९ मध्ये राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने कर्करोगाच्या ४२ औषधांवरील व्यापारी नफ्यास ३० टक्क्यांची मर्यादा घातली. त्यामुळे औषधखर्चाचा भार काही अंशी हलका झाला, पण हा दुसरा खर्च कोणत्याच योजनेच्या रकान्यात बसत नाही. वाराणसीच्या विणकर वस्तीत घरी बसून नळ्या भरणारी स्त्री आजारी पडली की तिची मजुरीही त्याच वेळी थांबते. अशा घरात भुकटी पातळ करून पुरवली जाते किंवा पाणी न उकळता वापरले जाते. पेशीमारक औषधापासून वाचवलेले बाळ अतिसाराने किंवा कुपोषणाने दगावणे हे धोरणाचे अपयश होय. अर्थशास्त्राच्या परिभाषेत, एका धोक्याचे निवारण दुसऱ्या धोक्याच्या किमतीत होत असेल तर दोहोंचा एकत्रित हिशेब मांडला पाहिजे.

दुग्धपेढी : मर्यादा आणि शक्यता

पर्याय म्हणून मानवी दुग्धपेढीचा विचार मनात येतो. आशियातील पहिली दुग्धपेढी १९८९ मध्ये मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक महापालिका सर्वसाधारण रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने सुरू झाली. दात्या मातांचे दूध ६२.५ अंश सेल्सिअसला ३० मिनिटे तापवून निर्जंतुक केले जाते. २०१७ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सार्वजनिक रुग्णालयांतील स्तनपान व्यवस्थापन केंद्रांसाठी राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. या दुधाचा पुरवठा मर्यादित असल्याने अपुऱ्या दिवसांच्या व आजारी नवजात बालकांना प्राधान्य असते, आणि ते योग्यच आहे. सहा महिने संपूर्ण पोषण पुरवणे हे दुग्धपेढीचे कार्य नाही. मात्र उपचार सुरू होतानाच्या पहिल्या काही दिवसांत, विशेषतः बाळ नवजात असताना, तिचा आधार मिळू शकतो. पेशीमारक किंवा किरणोत्सारी औषधे घेणाऱ्या मातेला स्वतः दूधदान करता येत नाही, ही नोंदही येथे आवश्यक आहे.

वरचे दूध देण्याच्या सल्ल्याबाबत कायद्याचे भान ठेवावे लागते. अर्भकांसाठीचे दुग्धपर्याय, दूध पाजण्याच्या बाटल्या व अर्भक खाद्यपदार्थ यांचे नियमन करणारा १९९२ चा अधिनियम, जो २००३ मध्ये अधिक कडक करण्यात आला, जाहिरात आणि प्रलोभने यांना मनाई करतो. वैद्यकीय कारणासाठी डॉक्टरांनी वरचे दूध सुचवण्यास तो आड येत नाही. बाटलीऐवजी वाटी-चमचा किंवा बोंडले वापरणे अधिक सुरक्षित असते.

माहिती हीच सार्वजनिक वस्तू

केनेथ अ‍ॅरो यांनी १९६३ मध्ये आरोग्यसेवेच्या बाजारातील अनिश्चितता आणि माहितीची विषमता यांचे विवेचन केले. येथे ती विषमता दुहेरी आहे. रुग्णाला माहिती नसते हे खरेच, पण डॉक्टरांकडील माहितीही तुटपुंजी असते. गर्भवती व स्तन्यदा स्त्रियांना औषधांच्या चाचण्यांतून सहसा वगळले जाते. परिणामी माहितीपत्रकावर ‘सुरक्षितता सिद्ध नाही’ एवढेच छापले जाते. ज्या ठिकाणी माहिती नसते तेथे डॉक्टर स्वतःच्या संरक्षणासाठी ‘दूध बंद करा’ असे सांगून मोकळे होतात. रसायनोपचारांत हा सल्ला बरोबर असतो. पण तोच सल्ला सीटी स्कॅननंतर किंवा साध्या शस्त्रक्रियेनंतर दिला गेला, तर बाळाचे विनाकारण नुकसान होते.

औषधांच्या दुधातील संक्रमणाची माहिती ही सार्वजनिक वस्तू आहे. एकदा निर्माण झाली की ती सर्वांना वापरता येते आणि एकाच्या वापराने दुसऱ्यासाठी कमी होत नाही. अशी माहिती निर्माण करण्यास खासगी कंपनीला पुरेसे प्रोत्साहन नसते. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाने २००६ पासून ‘लॅक्टमेड’ हा संग्रह विनामूल्य उपलब्ध केला, तो याच कारणाने. भारतात २०१० पासून औषधदक्षता कार्यक्रम चालू आहे आणि २०१२ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय कर्करोग जालात देशभरातील शेकडो केंद्रे सहभागी आहेत. उपचारांमुळे पाजणे थांबवलेल्या मातांच्या टाकून दिल्या जाणाऱ्या दुधाचे, त्यांच्या संमतीने, नमुने तपासले गेले तर बाळाला कोणताही धोका न पत्करता हे ज्ञान वाढू शकते. वाराणसीत कर्करोग केंद्र, वैद्यकीय महाविद्यालय आणि बालरोग विभाग जवळजवळ असल्याने अशा कामास तेथे अनुकूलता आहे.

पुढील दिशा

वरील विवेचनातून चार गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, कर्करोगाच्या प्रत्येक तरुण रुग्ण स्त्रीला नोंदणीच्या वेळीच ‘बाळ अंगावर पिते काय?’ हे विचारले जावे. उत्तर होकारार्थी असल्यास बालरोगतज्ज्ञाचा सल्ला त्याच दिवशी मिळावा. दूध बंद करावयाचे असेल तर शक्य तेवढे हळूहळू बंद करण्यास वेळ मिळतो, अन्यथा स्तनांना सूज व पू होऊन उपचारच लांबतात. दुसरी, प्रत्येक तपासणी व औषधासाठी पाजणे चालू ठेवावे, काही काळ थांबवावे की बंद करावे, याचा एक पानी तक्ता स्थानिक भाषेत असावा. तिसरी, ज्यांना पाजणे बंद करावे लागते त्यांच्या बाळांना पूर्ण कालावधीसाठी दुधाचा पुरवठा हा उपचाराचाच भाग मानला जावा. अशी बाळे संख्येने थोडी असल्याने हा भार शासनाला पेलण्याजोगा आहे. चौथी, आशा कार्यकर्त्यांच्या भेटींत गाठीविषयीचा प्रश्न समाविष्ट व्हावा. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात सर्व जिल्हा रुग्णालयांत तीन वर्षांत कर्करोग दिवसोपचार केंद्रे उघडण्याची घोषणा झाली. रसायनोपचार जिल्ह्याच्या ठिकाणी पोहोचत असताना त्यासंबंधीचे ज्ञान मात्र महानगरातच राहिले, तर विकेंद्रीकरण अपुरे ठरेल.

समारोप

स्तनपानाचा प्रसार आणि कर्करोगावरील उपचार ही दोन्ही राष्ट्रीय उद्दिष्टे आहेत व त्यांत मूलतः विरोध नाही. विरोध भासतो तो माहिती अपुरी असल्यामुळे आणि पर्यायाचा खर्च कुटुंबावर सोडून दिल्यामुळे. कोणत्या औषधानंतर पाजता येते आणि कोणत्यानंतर नाही, याचे उत्तर औषधशास्त्र देते. ज्या बाळाला पाजता येत नाही ते उपाशी राहू नये, ही जबाबदारी सार्वजनिक व्यवस्थेची आहे. मानव विकासाचे मोजमाप सरासरीने होत असले तरी व्यवस्थेची कसोटी अशा अपवादात्मक प्रसंगीच लागते.

अभ्यासासाठी प्रश्न

१. सापेक्ष अर्भकमात्रा म्हणजे काय? १० टक्क्यांचा निकष पेशीमारक औषधांना का लागू होत नाही, ते स्पष्ट करा.

२. किरणोत्सारी आयोडीन आणि टेक्नेशियम-९९एम यांच्या वापरानंतर स्तनपानाबाबतचा निर्णय वेगळा का असतो?

३. ‘औषधांच्या दुधातील संक्रमणाची माहिती ही सार्वजनिक वस्तू आहे.’ माहितीच्या विषमतेच्या संदर्भात चर्चा करा.

४. माता-बालआरोग्य कार्यक्रम आणि असंसर्गजन्य रोग नियंत्रण कार्यक्रम यांच्या समन्वयाची गरज उदाहरणासह विशद करा.